बोलायचे नऊ विषय

गंगाखेड मागं पडेपर्यंत यादीत सहा विषय झाले होते.

पंकजा ती यादी बारावीच्या एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहीत होती. पर्समध्ये दुसरा कागद निघाला नाही. क्रुझर खड्ड्यात गेली की अक्षर ओळ सोडून जायचं. समोरच्या बाकावर तिचा भाऊ आदिनाथ, शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून, पाठ न टेकता बसला होता.

"वाच एकदा," तो म्हणाला.

"एक, गावात कुठं बसायला आवडतं. दोन, शेवटचं काय वाचलं. तीन, कोणती भाजी नको वाटते. एकेक विचारायचं आणि गप बसायचं. ती बोलेल. तिच्या बोलण्यातूनच पुढचं निघतं."

"अन् ती बी गप बसली तर?"

"मग चार."

धुरपताआत्या तोंडावर पदर धरून हसल्या. "पालमच्या पोरीला ह्यानं पंधरा मिनटं ठिबकच्या नळ्या समजावल्या. ती म्हनली असंल, हे दुकानदार कामून आलंय?"

"अन् पूर्णेच्या पोरीपुढं नुसतं खाकरला," महारुद्रकाका पुढच्या सीटवरून म्हणाले.

आदिनाथनं खिडकीबाहेर पाहिलं. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून कारखान्याकडं चालल्या होत्या.

हसण्यासारखं फारसं काही नव्हतं. माय मागच्या फाल्गुनात गेली. घरात कुणी गेलं तर लग्न वर्षाच्या आत करायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं, ही या घरची रीत. आता माघ लागून चार दिवस झाले होते. आदिनाथला बत्तिसावं चालू होतं. तीन वर्षांनंतर शेती करणाऱ्या मुलाला मुलगी कोण देणार, हा हिशेब गाडीतल्या प्रत्येकानं आपापल्या मनात केलेला होता. बोललं कुणीच नव्हतं. वडील, अण्णा, तर घर सोडल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. काकांच्या मागं, हातात टोपी धरून ते बसून होते.

"आता माझं लिही," महारुद्रकाका मागं वळले. "सात. शाळंत मुख्याध्यापक कोण व्हते."

"हे काय बोलणं झालं, काका?"

"गप्पात इचारायचं. तिला कळायलाच नको. आठ, कालिजात मराठी कोण शिकवायचं. खरी असंल तर फटकन सांगती. खोटी असंल तर अडकती."

"खोटी म्हणजे?"

"तुला म्हाईत न्हाई व्हय? पलीकडच्या गावात मागच्या उन्हाळ्यात काय झालं? चौथ्या दिवशी नवरी गेली, डागिन्यासगट. मामा म्हनून जो लग्नात मिरवला, तो मामा बी नव्हता अन् काका बी नव्हता. हितं बी बाप न्हाई, मामाच हाय. मध्यस्थ चंद्रभान तर सोयरीक जुळवाया कुठलीबी पोरगी उभी करंल."

पंकजाला काकांचं बोलणं आवडलं नाही. पण बायोडाटा तिनंही चारदा वाचला होता. रेणुका. वय सव्वीस. बी.ए. होऊन पाच वर्षं झालेली, आणि त्यापुढं एकच शब्द: घरकाम. पाच वर्षं एका शब्दात बसवलेली माणसं तिनं शाळेच्या अर्जांवर पुष्कळ पाहिली होती. तिथं काहीतरी लपवलेलं असतं.

तिनं सात आणि आठ लिहिलं.

"नऊ," आत्या म्हणाल्या, "चहात साखर किती लागती. लय गोड पेणारी पोरगी घर खाती."

पंकजानं कागदाची घडी घातली. घडी घालताना छापील बाजू वर आली आणि कोपऱ्यातली तारीख दिसली. तिनं घडी उलटी केली.

माय गेली ती हीच तारीख. त्या दिवशी पूर्णेच्या परीक्षा केंद्रावर ती पर्यवेक्षक होती. सगळ्यांचे फोन केंद्रप्रमुखांच्या कपाटात होते. सव्वादोनला फोन हातात आला तेव्हा त्यावर एका अनोळखी नंबराचा कॉल येऊन गेलेला होता. कुठल्या तरी बँकेचा असेल म्हणून तिनं तो परत लावला नाही. तीन वाजता आदिनाथचा फोन आला, परभणीच्या दवाखान्यातून. त्या अनोळखी नंबराबद्दल ती आजवर कुणाशी बोलली नव्हती. नवऱ्याशीही नाही.

"घे," तिनं कागद आदिनाथच्या वरच्या खिशात सरकवला. "वाचून विचारू नको फक्त."

*

गच्चीवर तुरी वाळत घातल्या होत्या. मधून जायला एक पायवाट ठेवलेली. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. रेणुकानं आपली जराशी तिरकी करून घेतली.

आदिनाथला पहिले तीन विषय आठवेनात. आठवला तो सातवा.

"तुमच्या शाळेत मुख्याध्यापक कोण होते?"

"कदम सर," ती म्हणाली. "कामून?"

"सहज."

"बरं."

"अन् कॉलेजात... मराठीला कोण होतं?"

तिनं मान वर करून त्याच्याकडं नीट पाहिलं. "तुमी मुलगी बघायला आलात का तपासाला?"

आदिनाथच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खिशातला कागद छातीला टोचत होता. पालमला तो बोलत सुटला होता, पूर्णेला गप्प झाला होता. आता दोन्ही जमेना. त्यानं कागद काढून सरळ तिच्यापुढं धरला.

"हे घ्या. सात अन् आठ काकाचे. नऊ आत्याचा. बाकी ताईचे."

तिनं यादी वाचली. नवव्या ओळीला तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "दीड चमचा. सांगा आत्याला."

"सांगतो."

"अन् तुमचा कोणता?"

"काय?"

"ह्यात तुमचा विषय कोणता?"

त्यानं विचार केला. "माझा नाही त्यात," तो म्हणाला, आणि हे त्याच्याही आत्ताच लक्षात आलं. मग त्यानं विचारलं, "बी.ए.नंतर काय केलंत?"

"घरीच होते."

उत्तर फार लवकर आलं. तिनं तुरीकडं पाहिलं आणि हात मांडीखाली घेतले. पण ते त्यानं आधीच पाहिले होते. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून उललेली. दिवसभर पाण्यात आणि औषधात हात घालणाऱ्या गड्याचे असतात तसे. घरात बसलेल्या बाईचे ते हात नव्हते.

"आता मी विचारू?" ती म्हणाली.

"विचारा."

"तुमी एस.टी.ची तिकिटं अजून जमवता का?"

आदिनाथ खुर्चीतून अर्धा उठला.

दुसरी ते सातवी. गंगाखेड, परभणी, पालम, लोहा. बसमधून उतरणाऱ्यांकडून मागून घेतलेली पातळ रंगीत तिकिटं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रंगवार लावलेली. शाळेतली पोरं हसायची, म्हणून हे त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं. अण्णांनाही नाही. मायला ठाऊक होतं, आणि ताईला.

"कोणी सांगितलं तुमाला?"

तिचा चेहरा एकदम बंद झाला. "असंच विचारलं. पोरं जमवतेत ना."

खालून तिचे मामा, राधाकिशन, हाक मारत होते. "झालं का बोलणं? पानं मांडायचीत."

*

या बाजूच्या घरांत एक गोष्ट पाळतात. मुलगी पाहायला आलेल्यांनी पोहे खावेत, चहा घ्यावा. जेवायला बसले की होकार समजायचा. म्हणून राधाकिशनमामांनी पानांची गोष्ट काढली तेव्हा बन्सीधरअण्णा टोपी घालत उठले आणि म्हणाले, "येतोच. जरा पाय मोकळे करून." याचा अर्थ दोन्ही घरांना कळत होता. मामा नुसते हात जोडून दारात उभे राहिले.

शाळेच्या भिंतीमागं सावलीला सगळे थांबले. रविवार असल्यानं शाळा बंद होती.

आदिनाथनं तिकिटांचं सांगितलं आणि मग हातांचंही. सांगताना तो ताईकडं पाहत होता.

"म्हनलं न्हाई मी!" महारुद्रकाकांनी मांडीवर थाप मारली. "पढवलेली हाय. लहानपनीचं असलं बारीकसारीक काढायचं, पोराला भुलवायचं. पन ह्यांना खबर दिली कोनी?"

"चंद्रभाननं," आत्या म्हणाल्या.

"चंद्रभानला ह्याचं पूर्ण नाव तरी म्हाईत हाय का? दादा, तुमाला तिकिटाचं ठाऊक व्हतं?"

अण्णांनी मान हलवली. आपल्या मुलानं सहा वर्षं काही जमवलं आणि आपल्याला ते आज, परक्या गावात, शाळेच्या भिंतीमागं कळतंय, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"मग ऱ्हायलं कोन? वैनी गेल्या." काका पंकजाकडं वळले. "पंकजाबाई, तूच."

"मी?"

"तुला घाई झाली. फाल्गुनाच्या आत भावाचं उरकायचं. फोनवर पोरीला समदं सांगितलंस, हे इचार, ते बोल म्हनून."

"काका, त्या मुलीला मी आज पहिल्यांदा पाहतेय. तिचा नंबरसुद्धा माझ्याकडं नाही."

"मला बी तसंच वाटाय लागलंय, माय," धुरपताआत्या हळूच म्हणाल्या. सकाळपासून त्या पंकजाच्या बाजूनं होत्या. आता त्या दोन पावलं सरकून काकांच्या शेजारी उभ्या राहिल्या. "तू यादी लिव्हलीस पोराला. पोरीला बी लिव्हली असशील."

"आदिनाथ, तुला पण असंच वाटतं?"

"ताई, डब्याचं दुसऱ्या कुणालाच माहीत नाही गं," एवढंच तो म्हणाला.

पंकजाच्याही मनात एक शंका होती. हा स्वतःच या मुलीशी महिनोन् महिने फोनवर बोलत असेल, आणि आता अंगावर येतंय म्हणून माझ्याकडं बोट दाखवतोय. पण त्याचा चेहरा तसा नव्हता.

"मायची शपथ घे," काका म्हणाले.

अण्णांनी वर पाहिलं. "महारुद्रा."

"घेऊ द्या की, दादा. खरं असंल तर घेती."

"मायची शपथ," पंकजा म्हणाली. "मी त्या मुलीशी आजच्या आधी एक शब्द बोललेली नाही."

काकांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. "झालं तर मग. पोरगीच खोटी. चला. जेवायचं न्हाई हितं."

"थांबा," पंकजा म्हणाली. "मला दहा मिनिटं द्या. मी तिच्याशी बोलून येते."

"आता काय बोलतीस?"

"अण्णा, जाऊ?"

अण्णांनी मुलीच्या तोंडाकडं पाहिलं. "जा," ते म्हणाले.

*

रेणुका मागच्या न्हाणीपाशी ताटं धूत होती. पंकजाला पाहून तिनं नळ बंद केला. ती का आली हे विचारलं नाही.

पंकजाही आडवळणानं गेली नाही. "तिकिटांचं तुला कुणी सांगितलं?"

"असंच म्हणलं मी."

"असंच नाही. तिकडं शाळेमागं गाडीची किल्ली काढून झालीय. मला खरं सांगितलं नाहीस तर आम्ही जाणार. सांगितलंस तरी कदाचित जाणार. पण निदान कशासाठी जातोय ते कळेल."

रेणुकानं ओले हात ओढणीला पुसले. स्वयंपाकघरात तिची आई पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"त्यांनीच सांगितलं," ती म्हणाली. "तुमच्या आईनं."

पंकजाला राग आला. इतका स्वच्छ राग तिला कित्येक महिन्यांत आला नव्हता. काकांचं बरोबर होतं तर. मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, ते तपासायला कुणी जात नाही. "माझी आई तुला कुठं भेटली?"

"परभणीला. आयसीयूत. बी.ए.नंतर नर्सिंग केलं. मी तिथं सिस्टर होते, अजून हाये. सध्या सुट्टी टाकलीय." ती भरभर बोलायला लागली. "मामांनी बायोडाटात लिहू दिलं नाही. आधी दोन ठिकाणचे लोक नर्स ऐकल्यावर उठून गेले. रातपाळी करती म्हणले, काय काय म्हणले. तुमच्या आई अकरा दिवस माझ्याकडं होत्या. दम लागायचा तरी बोलायच्या. माझा आद्या लय कमी बोलतो म्हणायच्या. त्याला पाऊसपाणी विचारलं की हो-नाही म्हणतो, तिकिटाचं विचारलं की तासभर बोलतो. चंद्रभानकाका यादी घेऊन आले, तवा त्यात तुमचं गाव बघितलं. मीच मामांना म्हणलं, हे बघा."

"आदिनाथ रोज यायचा दवाखान्यात. त्यानं तुला ओळखलं नाही?"

"ते दारात उभे राहायचे. दहा मिनटं सोडायचे आमी. मला टोपी, मास्क."

"हे सगळं तुला कुणीही सांगू शकतं. दवाखान्याचं, अकरा दिवसांचं."

रेणुकानं धुतलेलं ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मी तुमाला फोन लावला होता. त्या दिवशी. पावणेबाराला."

पंकजानं न्हाणीच्या दगडी काठाला हात टेकला.

"त्या म्हणाल्या, पंकजाला लाव. मी म्हणलं, मावशी, ताई पेपरावर असतील, तुमीच सांगितलं होतं. तरी लाव म्हणाल्या. माझ्याच फोनवरून लावला. दोनदा नाही लावला, एकदाच. तुमी उचलला नाही. मग त्या म्हणाल्या, राहू दे, पोरांचा पेपर हाय."

"काय सांगायचं होतं तिला?"

"काही मोठं नव्हतं, ताई."

"सांग."

"म्हणाल्या, आद्याचा तिकिटांचा डबा माळ्यावर हाय. उंदीर लागतील. पंकजाला म्हणावं, खाली काढून ठेव. पोरानं विचारलं तर असावा."

लाटण्याचा आवाज चालू होता. पंकजा पोळ्या मोजल्यासारखी ऐकत राहिली. दहा महिने तिनं त्या कॉलमध्ये काय काय ऐकलं होतं. ये. का नाही आलीस. कधी येतेस. त्यातलं काहीच नव्हतं. एक डबा खाली काढायचा होता.

मग पंकजा म्हणाली, "आदिनाथला आत पाठवते. हे सगळं त्याला सांग. नोकरीचं, बायोडाटाचं, सगळं."

"ते नाही म्हणले तर?"

"तर नाही. पण तो दारात उभा होता अकरा दिवस. त्याला हे माझ्याकडून कळायला नको."

"अन् तुमचे काका?"

"आज नर्स ऐकलं, वर बायोडाटात लपवलं म्हणून कळलं, तर ते निघतीलच. त्यांना लग्नानंतर आदिनाथ सांगेल. त्यांचं आज मी बघते."

*

आदिनाथ आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि शर्टाची इस्त्री मोडली होती.

"तिला मास्क होता, ताई," तो म्हणाला.

"माहीत आहे. काय म्हणतोस?"

"मला चालतंय."

"नोकरी?"

"करू दे की. गंगाखेडला पण दवाखाने हायेत." मग त्यानं विचारलं, "डबा हाय का अजून माळ्यावर?"

"माय गेल्यापासून वर कुणी चढलंय का?"

शाळेमागून तिघं परत आले होते. काका उंबऱ्याबाहेरच थांबले, चप्पल न काढता. आत्या त्यांच्या मागं. राधाकिशनमामा ओसरीत सतरंजी झटकत होते; त्यांचे हात थांबले.

"मग? लागला का तपास?" काकांनी आवाज न दाबता विचारलं. "तिकिटाचं कोनी सांगितलं?"

"मी," पंकजा म्हणाली.

आदिनाथनं तिच्याकडं पाहिलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"तू?"

"मीच सांगितलं होतं. फोनवर. तुम्ही म्हणालात तसंच. मला घाई झाली होती."

"अगं पन आता शपथ घेतलीस की मायची!" धुरपताआत्यांनी कपाळावर हात मारला. "मेलेल्या मायची खोटी शपथ?"

"चुकलं माझं, आत्या."

"बगा," काका अण्णांकडं वळले. चेहऱ्यावरचं समाधान त्यांना लपवता आलं नाही. "पैल्यापासून म्हनत व्हतो मी. घरातलाच मानूस हाय. पोरीचा दोष न्हाई ह्यात. मास्तरीन झाली, पन अक्कल..." त्यांनी एक चप्पल काढली. मग दुसरी.

बन्सीधरअण्णा मुलीकडं पाहत होते. पंकजा लहान असताना पाटी फुटली तरी खोटं बोलायची, पैसे हरवले तरी बोलायची. पण आईच्या नावानं कधी नाही. केशर, तिची माय, तेव्हा जिवंत होती. आता तर ती पंचांगाच्या पानांतून रोज थोडी थोडी लांब चालली होती. शाळेच्या भिंतीमागची शपथ खरी होती, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. मग हे आत्ताचं काय आहे, कुणासाठी आहे, हे कळत नव्हतं. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं.

दाराच्या फटीतून रेणुका दिसत होती. तिच्या हातात ताटांची चवड होती आणि ती कुठं ठेवावी हे तिला समजत नव्हतं.

अण्णांनी टोपी काढून खुंटीला लावली. सतरंजीवर मांडी घातली.

"मामा," ते म्हणाले, "पानं वाढा."